उलट्या पिळाचे ठिपके

मायक्रॉनबाईंनी नळकांड्याच्या बुडाच्या भोकात विजेरीचा झोत टाकला, वाकून आत पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. स्क्रू बसायच्या आट्यांच्या आत, अगदी तळाशी, दोन चकचकीत ठिपके एकमेकांना खेटून बसले होते. बाकी सगळं नळकांडं काळपट राखाडी, आणि तेवढे दोनच ठिपके कोऱ्या ॲल्युमिनियमचे. बाईंनी सोबतचं कार्ड उलटून गाठ मारणाऱ्याचा नंबर पाहिला. सात. सात नंबर म्हणजे घड्याळवाली.

त्यांनी दुसरं नळकांडं उचललं. तिथेही जोडी. तिसऱ्यातही. चौथं त्यांनी उचललंच नाही.

दोन ठिपक्यांवरून कोणी एवढं पेटतं का, असं विचारणाऱ्याला त्या कारखान्याचं काम ठाऊक नसणार, तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं. तिथे हार्ड ॲनोडायझिंग चालायचं. ॲल्युमिनियम हा मुळात मऊ गडी, चावी घासली तरी ओरखडा उठतो. त्याचे भाग तारेने टांगून बर्फासारख्या गार ॲसिडच्या टाकीत सोडायचे आणि त्यांतून वीज खेळवायची. तासाभरात त्या धातूच्याच अंगातून एक कवच उगवतं. ते रंगासारखं वरून थापलेलं नसतं. अर्धं धातूच्या आत शिरतं आणि अर्धं बाहेर वाढतं, म्हणून खरवडून निघत नाही. कानस फिरवाल तर कानसच गुळगुळीत होईल. पण टाकीत भाग टांगायचा तर तार कुठेतरी टेकणारच, आणि तार टेकते तिथे काही कवच उगवत नाही. तेवढा ठिपका जन्मभर उघडा राहतो.

तो ठिपका कुठे लपवायचा, यात गाठ मारणाऱ्याची खरी करामत. बहुतेक जण काठाला तार गुंडाळून मोकळे होत. बाईंचा नवरा मात्र तार दुमडून तिला उलटा पीळ घालायचा आणि पिळलेलं टोक बुडाच्या भोकात सरकवायचा. आत गेल्यावर तो पीळ उलगडू बघायचा आणि त्या धडपडीतच आट्यांना घट्ट धरून बसायचा. टाकीत कितीही ढवळलं तरी तार सुटायची नाही, आणि दुमडलेल्या तारेचे दोन ठिपके इतके आत की गिऱ्हाइकाला कधी दिसायचे नाहीत. कारखान्यात हा पीळ दोघांनाच येत होता. नवऱ्याला आणि बाईंना.

आणि बाईंना तो कसा आला, यातच सगळी गोम होती. एकोणीस वर्षांपूर्वी त्या बाई वगैरे नव्हत्या. नुकती कामाला लागलेली, नाकासमोर चालणारी एक पोरगी होती. गाठींच्या टेबलावर हा डावखुरा गडी शेजारी बसायचा. त्याने तिची बोटं आपल्या बोटांत धरून पीळ शिकवला. अर्ध्या तासाचं ते शिक्षण त्याने आठ दिवस पुरवलं, आणि तिनेही मुद्दाम चुकत चुकत आठ दिवस पुरवून घेतलं. टाकीवरचे मामा तेव्हापासूनच टाकीवर आहेत. ते येता-जाता खाकरायचे. नवव्या दिवशी तिचा पहिला भाग टाकीतून निघाला, तेव्हा दोघांनी डोक्याला डोकं लावून एकाच भोकात पाहिलं होतं. "तुझी जोडी उजवीकडे कलते, माझी डावीकडे," तो म्हणाला होता. "हातच वेगळे ना." वर्षाच्या आत लग्न झालं. लग्नात कोणी काय दिलं ते बाई विसरल्या, पण ते आठ दिवस त्यांनी जपून ठेवले होते.

आणि आता ही कोण कुठली बया, चार महिन्यांपूर्वी आलेली, आणि तिच्या नळकांड्यात जोडी!

घड्याळवाली म्हणायचे तिला, कारण ती वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून इकडे आली होती. पस्तिशीची, बारीक चणीची, बोलायला गोड. बोटं अशी, की चिमटा न घेता केस उचलील. सगळ्यांना ताई, दादा, मामा. बाईंच्या नवऱ्याला तर उठता-बसता 'दादा'. "एवढं दादा दादा करणाऱ्यांवरच लक्ष ठेवावं लागतं," असं बाई एकदा मामांजवळ बोलून गेल्या, आणि मामांनी नेहमीसारखं खाकरून घेतलं.

ती सहा महिन्यांच्या चाचणीवर होती. चाचणीत तीन लाल टॅग लागले की माणूस घरी, हा कारखान्याचा नियम. टॅग लावायचा अधिकार तपासणीचा, म्हणजे बाईंचा. घड्याळवालीला दोन लागून झाले होते. दोन्ही टॅग खरे होते, खोटा टॅग लावण्याइतक्या बाई घसरलेल्या नव्हत्या. माल खराब होता म्हणूनच लावले. पण दुसरा टॅग बांधताना सुतळीला एक गाठ पुरली असती, तिथे त्यांनी तीन मारल्या होत्या, हेही खरंच आहे.

मायक्रॉनबाई हे नावही त्यांना उगाच पडलेलं नव्हतं. मायक्रॉन म्हणजे केसाच्या सत्तराव्या हिश्शाएवढं माप. कवच पन्नास मायक्रॉन मागितलं असेल, तर बाई चव्वेचाळीसला परत पाठवत. पंचेचाळीस चालतं म्हणून चव्वेचाळीसला हात जोडणारे पुष्कळ आले आणि गेले. नवऱ्याच्या मालावर तर त्या मीटर दोनदा टेकवत, उद्या कोणी बोट दाखवायला नको. इतक्या वर्षांत त्याला एकही लाल टॅग लागला नव्हता. याचा नवऱ्यापेक्षा बाईंनाच जास्त अभिमान होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. चार-पाच महिन्यांपासून याने शर्ट घालणं सोडलं होतं. रोज टी-शर्ट! पंचेचाळिशीच्या माणसाला हे खूळ कशाला? नाडीचे बूट माळ्यावर टाकून पाय सरकवायचे बूट आणले होते, कॉलेजातल्या पोरांसारखे. चहा कपातून प्यायचा तो आता भल्यामोठ्या मगातून, तोही दोन्ही हातांनी धरून, सिनेमातले लोक खिडकीशी उभे राहून पितात तसा. पूर्वी कुठे जायचं असलं, की बाईंच्या गळ्यातल्या साखळीची कडी तोच अडकवायचा. हल्ली म्हणायचा, "लेकीला सांग." आणि रस्ता ओलांडताना बाईंनी हात धरला, की हळूच सोडवून घ्यायचा आणि खिशात घालायचा.

हे सगळं कोणासाठी चाललंय, हे कळायला बाईंना मीटर लागत नव्हतं.

जेवणं झाली. लेक आत अभ्यासाला बसली. चारचौघांत बाई नवऱ्याला 'अहो' म्हणत, घरात 'तू'. त्यांनी भांडी आवरता आवरता विषय काढला.

"तिला उलटा पीळ शिकवलास?"

नवरा टीव्हीकडे बघत होता, तो बघतच राहिला. "कामाची गोष्ट आहे. शिकवावं लागतं."

"एकोणीस वर्षांत दुसऱ्या कोणाला नाही शिकवावं लागलं."

"आता लागलं."

"किती दिवस शिकवत होतास?"

"काय?"

"दिवस विचारते. किती दिवस लागले?"

"एका दुपारी शिकली ती," तो म्हणाला. "हात चांगला आहे तिचा."

एका दुपारी! बाईंना यात समाधान वाटायला हवं होतं; आठ दिवस बोटं धरावी लागली नाहीत, मिटलं. पण उलटंच झालं. 'हात चांगला आहे' हे शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसले. बाईंच्या हाताला तो चांगला म्हणाला होता की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना. "जा, उद्या सगळ्या गल्लीला शिकव," म्हणून त्यांनी कढई इतक्या जोरात आपटली की लेक बाहेर डोकावून गेली. नवऱ्याने आवाज वाढवला, पण तो टीव्हीचा.

पुढचे तीन दिवस बाई कामावर होत्या आणि नव्हत्याही. तपासणीच्या खोलीला गाठींच्या टेबलाकडे काचेची खिडकी होती. इतकी वर्षं त्या खिडकीवर धूळ होती, ती त्यांनी पुसून लख्ख केली. पलीकडे ते दोघं शेजारीशेजारी बसत. तो काहीतरी सांगे, ती मान डोलवी. तिची बोटं झरझर चालत आणि हा गाठ मारायची सोडून तिच्या बोटांकडे बघत बसे. बघतच बसे! एकदा तर तिने त्याच्या हातातली तार काढून घेतली, स्वतः पिळली आणि परत दिली. तो ओशाळवाणं हसला. त्या हसण्याने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण तसं हसताना त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. बायकोला ठाऊक नसलेलं हसू परक्या बाईला मिळतं म्हणजे काय!

मामा डबा खायला आले तेव्हा बाईंना खिडकीशी पाहून म्हणाले, "काचेचं माप घेताय का?"

"तुम्ही तुमची टाकी बघा, मामा."

"टाकी माझी शून्यावर आहे, गारेगार," मामा म्हणाले. "इथलंच तापमान जरा चढलंय."

चौथ्या दिवशी दुपारी घड्याळवालीच्या नंबरचा माल आला. वीस नळकांडी, पंपात बसायची, आत पिस्टन धावणार. कवच कमी पडलं तर आठवड्याभरात घासून जातील. बाईंनी पहिल्यावर मीटर टेकवलं. एकावन्न. दुसरं, पन्नास. पाचवं, एकोणपन्नास. बाईंचा चेहरा उतरत चालला. माल चांगला निघतोय म्हणून तपासणीच्या बाईचा चेहरा उतरावा, असं त्या कारखान्यात पहिल्यांदाच घडत असेल.

मग नववं आलं. बावीस.

बाईंनी पुन्हा टेकवलं. बावीस. हे नळकांडं रंगानेही फिकं होतं. अकरावं, चोवीस. पंधरावं आणि सोळावं तर बुडाशी जळालेलीच होती, भोकाच्या तोंडाशी काळी भुकटी, बोट लावलं तर बोटाला येणारी. तार आत सैल राहिली की असं होतं. वीज नीट पोचत नाही, मधेच ठिणग्या पाडते, धातू खाते आणि कवच धरत नाही. वीसपैकी चार वाया. शंकाच नको, लाल टॅग.

बाईंना इतका आनंद झाला की त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. खोटं काही करावं लागलं नव्हतं. माल खराब होता आणि नियम मालकांचा होता. तिसरा टॅग! उद्यापासून ती 'दादा' म्हणायला दुसरा कारखाना शोधील. त्यांनी खणातून लाल टॅग काढला, नंबराच्या जागी ठसठशीत ७ लिहिला आणि खाली कारण लिहायला लागल्या. कारण लिहायचं तर आतली तार कशी टेकली होती ते पाहून लिहायला हवं. ती त्यांची शिस्त होती. त्यांनी विजेरी उचलली.

सोळाव्याच्या भोकात ठिपके होते, पण फरफटलेले. तार सरकल्याची रेघ उमटली होती. 'गाठ सैल' असं त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. ते फरफटलेले ठिपके डावीकडे कलले होते.

घड्याळवाली उजव्या हाताची होती. बाईंनी तीन दिवस त्या काचेतून तिचा हातच तर पाहिला होता.

त्यांनी पंधरावं पाहिलं. डावीकडे. अकरावं, नववं, डावीकडे. चांगली निघालेली सोळाही पाहिली. सगळी डावीकडे. ही वीसच्या वीस नळकांडी एका डावखुऱ्या माणसाने बांधली होती, आणि त्या टेबलावर डावखुरा एकच होता. पहिल्या दिवशी ठिपक्यांची जोडी दिसल्याबरोबर बाईंच्या डोळ्यांवर असा काही पडदा आला होता, की ती कोणत्या बाजूला कलली आहे हे पाहायचंच राहून गेलं होतं. केसाचा सत्तरावा हिस्सा पकडणारी बाई, आणि समोरचा कल दिसला नाही!

आता त्यांच्या हातांना घाई झाली. नवऱ्याचा नंबर दोन, आणि त्या नंबराचा माल सकाळीच तपासून कोपऱ्यात ठेवला होता. त्याच्या कवचावर त्या दोनदा मीटर टेकवत, पण भोकात कधी पाहत नसत, आत काय असणार ते पाठच होतं. आज पाहिलं. जोडी उजवीकडे कललेली होती. ठिपके इतके बारीक आणि इतके नेटके की भिंगाखाली धरावे लागले. मग त्यांनी कुलूप उघडून कपाटातून आधीच्या दोन लाल टॅगांचे नमुने काढले. त्या साध्या पट्ट्या होत्या, काठावर तार गुंडाळलेल्या. तारेचा व्रण डावीकडून चढला होता. दोन्हींवर.

कार्डांची अदलाबदल होत होती. नवऱ्याच्या नावावर जाणारा सुंदर माल घड्याळवाली बांधत होती, आणि नवऱ्याचा बिघडलेला माल स्वतःच्या नंबरावर घेत होती. तीनही लाल टॅग त्याचे होते. पीळ तिला शिकवला होता तो यासाठीच, दोन नंबरच्या भोकात कोणी चुकून पाहिलंच, तर जोडी दिसायला हवी म्हणून.

पण का? टी-शर्ट, सरकवायचे बूट, दोन्ही हातांत धरलेला मग, साखळीची कडी, खिशात जाणारा हात. बाईंनी एकेक आठवलं आणि या वेळी ते निराळ्याच क्रमाने लागत गेलं.

दोन्ही जुने टॅग खिशात टाकून, चार नळकांडी ट्रेमध्ये घेऊन त्या बाहेर आल्या आणि सरळ गाठींच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. टेबलावर तारेचे तुकडे पडले होते, त्यातला एक त्यांनी उचलला.

"अहो, हात पुढे करा."

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"डावा. करा पुढे."

त्याने केला. बाईंनी तो धरला आणि तारेचं टोक त्याच्या पहिल्या बोटावर टेकवून दाबलं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आता काय बोलतात याची वाट बघत. त्यांनी आणखी दाबलं. घड्याळवालीने तोंडावर हात नेला.

"कळलं?" बाईंनी विचारलं.

"काय कळलं?"

मग त्याने खाली पाहिलं. बोटावर रक्ताचा थेंब उभा होता.

डॉक्टर, औषधं, किती दिवस, का, कसं, असे सतरा प्रश्न विचारता आले असते. बाईंच्या तोंडून पहिला निघाला तो हा: "हिला कधी सांगितलंस?"

चारचौघांत त्या 'तू' म्हणाल्या, हे टाकीवर उभ्या असलेल्या मामांच्याही लक्षात आलं. ते खाकरले नाहीत.

"सांगितलं नाही," नवरा म्हणाला. "तिने ओळखलं. आली त्याच आठवड्यात. सकाळी बरं असतं गं. दुपारनंतर बोटं माझी नसतातच. तार धरलीय की सुटलीय, बघितल्याशिवाय समजत नाही."

एका आठवड्यात. आणि बाई त्याच घरात, त्याच ताटाशेजारी, पाच महिने.

"माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, ताई," घड्याळवाली म्हणाली. "चिमट्यातून काटे पडायचे, त्यांना पत्ता नसायचा. गिऱ्हाइकं हसायची. म्हणून मला दादांचं लगेच दिसलं. मी म्हटलं, तुमचं मी बांधते, तुम्ही माझं सोपं बांधा. ही नळकांडीही मला सोपी वाटली होती, म्हणून दादांकडे दिली."

"आणि टॅग? दोन टॅग लागले तुला. तिसरा हा माझ्या हातात आहे. एका शब्दाने बोलली नाहीस."

घड्याळवाली गोंधळली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मला?"

"तुम्ही मायक्रॉनबाई ना. तुम्हाला दिसत नाही असं कसं होईल? मला वाटलं, ताई दादांना वाचवतायत, म्हणून माझ्या नंबरावर लावतायत. मग मी काय बोलणार? दादांनी हाताला धरून काम शिकवलं मला."

बाईंना वाटलं, हिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ही पोरगी त्यांना नवऱ्यासाठी पाप करणारी बायको समजत होती आणि तरी गप्प राहिली होती. आणि बाई? बाईंनी पाप केलं नव्हतं, नवऱ्यासाठी तर काहीच केलं नव्हतं. त्या फक्त खिडकी पुसत होत्या. पोटातली आग विझायला हवी होती ना आता? ती आणखी भडकली. या दोघांत काही नव्हतं, हे उघड होतं. पण जे होतं ते बाईंच्या वाट्याचं होतं आणि दुसरीने उचललं होतं.

"याच्यासाठी नोकरी घालवायला निघालीस तू," त्या म्हणाल्या. "ते माझं काम होतं. कळतंय तुला? माझं!"

घड्याळवाली नुसती "हो, ताई," म्हणाली.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तू. हसू येईल, रडू येईल, जे असेल ते हिच्यापुढे. मला का नाही सांगितलंस?"

नवऱ्याने रक्ताचं बोट टी-शर्टाला पुसलं.

"तुला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू मापलं असतंस."

ते खरं होतं. चव्वेचाळीस परत पाठवणारी बाई घरीही तीच होती. भाजीत मीठ, लेकीचे गुण, पाहुण्यांनी आणलेलं सामान, सगळ्याला मीटर लागायचं. त्या माणसाने एकोणीस वर्षं ते हसून घेतलं होतं, आणि जेव्हा स्वतः कमी भरायला लागला तेव्हा लपला होता.

बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. लाल टॅगावरचा ७ त्यांनी खोडला आणि त्याखाली २ लिहिला. मग आधीचे दोन टॅग खिशातून काढले, त्यांच्यावरचेही नंबर खोडून तिथेही २ लिहिला आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली.

"ताई, नका हो," घड्याळवाली म्हणाली. "माझं चालेल. मला दुसरीकडे मिळेल काम."

"तुझं मन मोठं आहे ते कळलं," बाई म्हणाल्या. "आता पुरे."

त्या मालकांच्या खोलीकडे निघाल्या. नवरा मागोमाग आला. कोणी ये म्हटलं नव्हतं.

मालकांनी तिन्ही टॅग टेबलावर पसरले आणि चष्मा वर केला. "बाई, हा तर तुमचाच माणूस."

"टॅग नंबराला लागतो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. ठिपके, कल, कार्डांची अदलाबदल, बोटं. स्वतःचंही सोडलं नाही. "दोन टॅग मी चुकीच्या माणसाला लावले. डोळे जागेवर नव्हते माझे. ते का नव्हते, ते विचारू नका."

मालकांनी विचारलं नाही. नवऱ्याच्या हाताकडे पाहून म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखव बाबा. मग इथलं कुठलं काम द्यायचं ते बघू. पण गाठी बंद." नवऱ्याने मान हलवली. मालक बाईंकडे वळले. "प्रश्न असा आहे की नळकांडी थांबवता येत नाहीत. उलटा पीळ आता कोण घालणार? तुम्हाला येतो ना? तुम्ही बसा टेबलावर. तपासणीला मी दुसरं कोणी बघतो. घड्याळवालीनेही कार्डं बदलली आहेत, तिला ठेवायचं की नाही, हेही मग ठरवता येईल."

ती जागा बाईंची होती. पीळही त्यांचाच, त्याच्या बोटांतून त्यांच्या बोटांत आलेला. नुसतं 'हो' म्हटलं की ती बया दाराबाहेर. कोणाचं वाईट न करता, अगदी सरळ मार्गाने. असा योग चालून येतो का पुन्हा? पण भिंगाखालचे ते दोन बारीक ठिपके डोळ्यांसमोरून हलेनात. बाईंची जोडी कधीही, तरुणपणीसुद्धा, एवढी नेटकी आली नव्हती. आपण मनातल्या मनात त्यांचं माप घेऊन ठेवलं आहे, हे त्यांना आत्ता कळलं.

"तिला ठेवा," त्या म्हणाल्या. "कायम करा. तिचा पीळ माझ्यापेक्षा चांगला येतो."

मालकांनी तिला कायम करण्याचा कागद पुढे सरकवला, बाईंनी त्यावर सही केली आणि पेन परत दिलं.

दोघं बाहेर आले. पाळी सुटली होती, माणसं डबे घेऊन फाटकाकडे चालली होती. नवरा तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. चेहरा उतरला होता त्याचा, इतक्या वर्षांत एकही नव्हता आणि आता तीन लाल टॅग, तेही एका दिवसात, तेही बायकोच्या हातचे.

"हेच," तो म्हणाला. "याचीच भीती वाटत होती मला."

"झालं ना मापून?" बाई म्हणाल्या. "चल आता घरी."